फिरकीची लोळणगाडी

शिवणाचं मशीन फिरकीकडे दुरुस्तीला न्यायचं तर नुसतं मशीन नेऊन भागत नाही. त्यावर बसणारं माणूसही सोबत न्यावं लागतं, असा तिचा नियमच आहे. तुम्ही मशीन टेबलावर ठेवता, "दोरा तुटतोय हो सारखा" म्हणता, आणि ही स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावत नाही. स्टूल पुढे सरकवते आणि म्हणते, "बसा. शिवून दाखवा." मग हनुवटीखाली हात घेऊन बघत राहते. मशीनकडे नव्हे, बसणाऱ्याकडे.

एकदा एक बाई चांगल्याच तणतणत आल्या होत्या. आधी दोन दुकानं पालथी घातलेली. दुकानात मशीन लोण्यासारखं चालायचं आणि घरी नेलं की सुई मोडायची. फिरकीने त्यांना बसवलं, एक लांब शिवण घालायला लावली आणि म्हणाली, "मशीन बरं आहे, बाई. तुम्ही कापड मागून ओढताय. त्याला घाई नाही, तुम्हाला आहे." बाईंचं तोंड फुगलं. पण पुढच्या आठवड्यात स्वतःच्या जावेला मशीनसकट घेऊन आल्या.

ही फिरकी म्हणजे माझी मेहुणी, आमच्या सौं.ची पाठची बहीण. खरं नाव वेगळं आहे, पण ते वापरून वापरून झिजलेलं नाही, तसंच राहू दे. फिरकी हे नाव मी ठेवलं. हातात कायम दोऱ्याची फिरकी असायची, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे आल्या-गेल्याची फिरकी घेतल्याशिवाय हिला घास गोड लागत नाही. त्यात भावोजी म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक.

सुरुवात तिनेच केली. आमचं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ही असेल नऊ-दहा वर्षांची. नवे बूट घालून, छाती पुढे काढून मी दारात उभा. सासरे, सासूबाई "या, या" करतायत. आणि ही कोपऱ्यातून म्हणते, "आधी चालून दाखवा."

सासूबाईंनी डोळे वटारले. मी आपला हसून चार पावलं चाललो. बूट करकरले.

"ठीक आहे," ही म्हणाली. "बूट चावतायत, पण पाय बरे आहेत."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्यातलं खरं मला फार उशिरा कळलं. लहानपणी आलेल्या तापाने तिचा डावा पाय अधू झाला होता. पाऊल पुढे टाकण्यापुरती ताकद उरली होती, भार घेण्यापुरती नाही. त्या घरात जो कोणी येई, मग तो डॉक्टर असो की लांबची आत्या, तो आधी हिला म्हणायचा, "चाल बघू जरा." तेव्हा घरात नवीन माणूस आलं की आता त्याची पाळी, असा पोरीने सरळ हिशेब लावला होता.

मशीनचं काम शिकली तेही पायामुळेच. आमच्या सासुरवाडीला एक म्हातारा मशीनमिस्त्री होता, तिरसट. त्याच्याकडे हाताखाली माणूस म्हणून टिकायचं नाही. त्याने हिला ठेवून घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, "हिलाच का?" तर म्हणाला, "ही उठून पळत नाही." त्यावर ही म्हणाली, "फार ओरडलात तर सरपटत जाईन." म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा हसला म्हणतात. पाहिलेलं कोणी नाही, पण सांगणारे पुष्कळ आहेत.

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर "चालून दाखवायचा कंटाळा आलाय" एवढं बोलून विषय मिटवते. आमच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहते. एका खोलीत ती आणि दुसरीत मशिनं. खरं म्हणजे दोन्हीत मशिनंच, एका खोलीत त्यांनी तिला जागा दिली आहे.

आता गाडीचं सांगतो. अवजारांची पेटी लोखंडासारखी जड, आणि हिला गावभर फिरायचं. दोन चाकांची सायकल जमेना, कारण निघताना डाव्या बाजूला कललं की संपलं. तीन चाकांची उंच सायकल घेतली, तर ती एका वळणावर कलंडली आणि ही थेट पिठाच्या गिरणीत. पांढरी होऊन घरी आली. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने, ज्याला सगळी गल्ली दाढीवाला म्हणते, कुणा हौशी माणसाने धूळ खात टाकलेली एक अजब गाडी शोधून आणली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर आरामखुर्चीसारखी बैठक. पाठ टेकून बसायचं, पाय पुढे पसरायचे, पेडल पार नाकासमोर. हँडल मांड्यांच्या दोन बाजूंना. मागे उंच काठीवर एक केशरी फडकं, म्हणजे मोटारवाल्यांना कळावं की खाली कोणीतरी आहे.

मी पाहताक्षणी म्हणालो, "ही तर लोळणगाडी! लोळत लोळत कामाला जाणारी तू जगातली पहिलीच."

"तुम्ही तर लोळतच घरी बसता," ती म्हणाली. "मी निदान कुठेतरी पोहोचते."

डाव्या पेडलवर तिने स्वतः जाड पट्टा शिवून बसवला आणि टाचेला आधार केला. उजवा पाय काम करायचा, डावा पट्ट्यात बसून त्याच्याबरोबर फिरायचा, मी सौं.च्या मागे पिशवी घेऊन बाजारात फिरतो तसा. त्या गाडीवर तिने आमचं अख्खं गाव पालथं घातलं. आणि तिचं निम्म्याहून जास्त काम होतं एका ठिकाणी: दवाखान्यांचे गाऊन आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. बस डेपोशेजारी, सपाट रस्त्यावर. तिथल्या प्रत्येक मशीनचा स्वभाव तिला पाठ. खिडकीजवळचं सकाळी कुरकुरतं, कोपऱ्यातलं नव्या दोऱ्याला रुसतं, असं ती सांगायची, जशी काही भाचरंडांबद्दल बोलतेय.

आणि तो कारखाना टेकडीवर जायचं ठरलं.

नवी इमारत, मोठ्या खिडक्या, सगळं छान. फक्त मधे तो चढ. पायथ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बरा, टाकीच्या वळणापासून पुढे नुसती भिंत. कारखान्याच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथलं सगळं बघणाऱ्या, स्वतः फिरकीकडे आल्या. भल्या बाई. चहा घेत म्हणाल्या, "मला तुम्हीच हव्या आहात. पण वर मशीन अडलं आणि तुम्ही चढाच्या खाली, असं झालं तर बायका हातावर हात ठेवून बसतील. मालक म्हणतायत, एका कंपनीचा माणूस व्हॅन घेऊन येईल, त्याला काम द्या."

"आणि मी आले तर?"

"ज्या सकाळी वर मशिनं सुरू होतील, त्या सकाळी पहिल्या घंटेला तुम्ही तिथे दिसा. मग मालकांशी मी बोलते."

बाई गेल्या आणि आमच्या घरात सभा भरली. आमचे चिरंजीव म्हणाले, "मावशी, मी सोडतो ना रोज मोटारसायकलने."

"तू स्वतःच्या कामावर कधी वेळेत पोहोचलास?"

सौ. म्हणाली, "बसने जा. बस जाते वर."

"ताई, पेटी घेऊन त्या पायऱ्या चढायच्या, म्हणजे रोज कोणीतरी मला पोत्यासारखं उचलणार. आणि दुपारी सुई अडकली की मी कोणाला शोधू? मला बोलावलं की मी निघाले पाहिजे. माझी मी."

"अगं पण गुडघा? चांगला पाय तोच एक, आणि तोही आता कुरकुरतोय."

"म्हणून तर त्याला मदतनीस ठेवतेय," फिरकी म्हणाली. आमच्या आधीच ती दाढीवाल्याकडे जाऊन आली होती. लोळणगाडीला विजेची मोटर बसवायची.

दाढीवाल्याने मन लावून काम केलं. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर, बैठकीच्या पाठीशी बॅटरीची पिशवी, आणि पुढे पेडलच्या दांड्यात एक नवीन सोय. ती पायाचा दाब ओळखणार. पाय जोर लावेल तितका मोटर जोर लावणार. पुढच्या पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची वायर त्याने साखळीच्या नळीला धरून अशी सफाईने नेली की फिरकीनेसुद्धा मान डोलावली. मोटर नुसती पळवत नाही, साथ देते, हे त्याने आम्हाला तीनदा समजावलं.

"शॉक नाही ना बसणार?" सौं.नी विचारलं.

"पावसात भिजली तरी नाही, काकू."

"आणि ही पडली तर?"

"ताई," फिरकी म्हणाली, "पडायला उंची लागते. मी आधीच जमिनीला टेकलेय."

दाढीवाला स्वतः बसून गल्लीत एक फेरी मारून आला. भुर्रकन गेला, भुर्रकन आला. दाढी वाऱ्याने दोन भागांत. मग फिरकी बसली, सपाट रस्त्यावर फिरून आली. "बरी वाटतेय," म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता वाटतं, तेव्हाच तिचा चेहरा नीट बघायला हवा होता. एरवी असं 'बरं वाटतंय' ती कधी म्हणते, तर मी नवे कपडे घालून 'कसं दिसतंय?' विचारल्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पायथ्याशी. फिरकी निघाली. टाकीपर्यंत गेली आणि वळणावर गाडी हळू, हळू, आणि उभी. मोटरचा आवाज जेमतेम, माशी गुणगुणावी तसा. तिने हातब्रेक लावला आणि रस्त्याच्या मधोमध आरामखुर्चीत बसावं तशी बसून राहिली. मागून पावाची गाडी आली, तिने भोंगा वाजवला. ड्रायव्हर उतरला, म्हणाला, "ढकलू का?"

"नको. चढ कुठे पळून जात नाही. मी बघून ठेवतेय त्याला." आणि गाडी वळवून उतारावरून केशरी फडकं फडफडवत खाली आली. आमची तोंडं पडलेली, तिचं नाही. पण उजव्या हाताने ती गुडघा चोळत होती, ते मी पाहिलं. कारखान्याची पहिली घंटा त्याच आठवड्यात होणार होती.

दाढीवाल्याने दुकानात गाडी उघडली. बॅटरी भरलेली. वायरी ठीक. मोटर ठीक. स्वतः बसला, गाडी भुर्र. चिरंजीव बसले, भुर्र. मग मला बसवलं. मी उगाच जरा जोर लावला, तर गाडी मला घेऊन जी निघाली ती रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दारात. ब्रेक कुठे असतो ते मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे गाडी सगळ्यांना नेते आणि मावशीलाच नाही," चिरंजीव म्हणाले. "मावशी, तू फार हलकी आहेस."

"हलक्याला न्यायला जास्त त्रास होतो होय रे?"

दाढीवाला डोकं खाजवत म्हणाला, "मोठी मोटर मागवू का? पण ती यायला वेळ लागेल."

आमची आपली चर्चा चालू. आणि फिरकी? दुकानातल्या लाकडी खोक्यावर बसली होती, हनुवटीखाली हात. मी ती बैठक ओळखली. दोन दुकानांत चालणारं मशीन घरी सुई मोडतं, तेव्हा ती अशी बसते.

"भावोजी," ती म्हणाली. "बसा. चालवून दाखवा."

"पुन्हा? न्हाव्याने काय पाप केलंय?"

"बसा हो. पण फक्त उजव्या पायाने. डावा वर धरा."

मी बसलो. डावा पाय हवेत, जणू चिखलातून चाललोय. उजव्याने रेटलं. गाडी सरकली, पण गोगलगायीसारखी. मोटर ढिम्म. मी घाम गाळला आणि जेमतेम विजेच्या खांबापर्यंत पोहोचलो.

"आता उजवा वर. फक्त डावा."

डाव्याने एक दाब दिला मात्र, गाडी उधळली. रस्ता, केशरी फडकं, न्हावी, सगळं एकदम अंगावर आलं. न्हावी हातात वस्तरा घेऊन ओरडला, "आजोबा, दाढीच करायची असेल तर चालत या की!"

मी मागे वळून पाहिलं तर दाढीवाला कपाळावर हात मारून जमिनीवर बसला होता. "डाव्या बाजूला!" तो म्हणाला. "मावशी, दाब मोजणारी पट्टी दांड्याच्या डाव्या बाजूलाच असते. उजव्याचा अंदाज ते डाव्यावरून धरतं. दोन्ही पाय सारखेच असणार, असं धरूनच बनवलंय. मीही तसंच धरलं. तुमचा पाय रोज बघतो, आणि तरी माझ्या डोक्यात नाही आलं."

"तू माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत होतास, पायाकडे नाही. चांगलं लक्षण आहे ते," फिरकी म्हणाली. मग तिने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. "जन्मात याला कोणी काम सांगितलं नाही. आणि सांगितलं तर एकदम टेकडी चढायचं! बिचारा. त्या वळणावर किती घाबरला असेल." आणि ती अशी हसली की न्हाव्याचं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने दारात येऊन उभं राहिलं.

उपाय दाढीवाल्याच्या खणातच निघाला. एक साधी चकती, कडेला चुंबकांचे ठिपके. तिला दाबाशी देणंघेणं नाही. पेडल फिरतंय की थांबलंय, एवढंच ती बघते. फिरतंय तोवर मोटर साथ देते, मग कोणता का पाय फिरवेना. दाढीवाल्याने उत्साहात ती उलटी बसवली, तर गाडी पेडल मागे मारल्यावर पुढे पळायला लागली. आमच्या लहानपणी गावात कुंभाराचं एक गाढव होतं, "थांब" म्हटलं की चालू लागायचं. आणि "चल" म्हटलं की रस्त्यात बसायचं. कुंभार बिचारा लोकांसमोर त्याला थांब थांब म्हणत पळवायचा, तर लोक म्हणायचे, गाढव याचं मुळीच ऐकत नाही. ती गोष्ट मी तिथे सांगायला घेतली, पण फिरकी म्हणाली, "भावोजी, गाढवाला नंतर आणा. आधी चकती सुलटी होऊ दे." चकती सुलटी झाली.

घंटेच्या सकाळी ऊन नुकतं पडलं होतं. पायथ्याशी मी बढाई मारली. टेकडीला पायऱ्यांची एक आडवाट आहे. "तू रस्त्याने ये, मी पायऱ्यांनी जातो. तुझ्या आधी पोहोचलो नाही तर कारखान्याच्या फाटकापासून तुझी पेटी मी उचलीन."

"आणि पोहोचलात तर?"

"मग तू मला गुरुजी म्हणायचंस."

"त्याची तयारी मला करावी लागणार नाही," ती म्हणाली, पट्टा आवळला आणि निघाली.

पायऱ्यांवरून मध्ये मध्ये रस्ता दिसतो. टाकीपर्यंत मी पुढे होतो, हे लिहून ठेवायला हवं. वळणावर मी मुद्दाम थांबलो. म्हणजे धाप लागली म्हणूनही, पण मुख्य म्हणजे बघायला. मागच्या खेपेला जिथे गाडी अडली होती, तिथेच तीही थांबली. पण तिने फक्त हातब्रेक लावला, गिअर हलका केला आणि समोरच्या भिंतीसारख्या चढाकडे एकदा नीट पाहिलं, नव्या गिऱ्हाइकाकडे बघते तसं. मग ब्रेक सोडला. पेडल अर्धं फिरलं, मागच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज आला आणि लोळणगाडी वर निघाली. घाईत नाही. शिवणावर टाका पडत जावा तशी, एकसारखी. उजवा पाय, डावा पाय, उजवा, डावा. केशरी फडकं झाडांच्या वर दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा आणखी वर दिसायचं. मागे पावाची गाडी आली. भोंगा वाजला, पण या वेळी तो लांबलचक, मजेत वाजवलेला.

मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा ती आरामात टेकून बसली होती, हाताची घडी घालून. कारखान्याच्या खिडक्यांत बायकाच बायका. मोठ्या बाई पायरीवर उभ्या. घंटा अजून व्हायची होती. बाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग फिरकीकडे, आणि म्हणाल्या, "मालकांना मी आत्ताच फोन करते."

"करा. आणि त्यांना सांगा, खिडकीजवळचं मशीन सकाळच्या उन्हात ठेवू नका, ते कुरकुरतं."

मी पेटी उचलली. शब्द तो शब्द. आत गेलो तर अजून कोणाचं मशीन नीट लागलेलंही नव्हतं आणि एक तरणी बाई पुढे आली. "मावशी, बरं झालं आलात. आणताना काय झालं कोण जाणे, याचे टाके सुटतायत."

फिरकीने स्टूल पुढे सरकवलं. "बस. शिवून दाखव."

तेवढ्यात घंटा झाली. मी पेटी खाली ठेवून भिंतीला टेकलो, भात्यासारखा फुसफुसत. तिने त्या बाईवरची नजर हलवली नाही, पण माझं फुसफुसणं तिला ऐकू येत होतंच.

"भावोजी," ती म्हणाली, "जरा चालून दाखवा बघू."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग काय करता? मशिनांच्या दोन रांगांमधून मी छाती पुढे काढून चार पावलं चाललो.

"ठीक आहे," फिरकी म्हणाली. "पायऱ्या चावल्यात, पण पाय बरे आहेत."